विमानचोर आणि आमचा जिल्हा

इंग्रज पोरांच्या गोष्टीत विमान नायकाचं असतं. आपल्याकडे ते चोरानं पळवलेलं असतं.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणे मालिकेत एकूण वीस पुस्तकं. त्यातल्या एकाचं नाव ‘विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे’. नाव जरा सावकाश वाचा. एका बाजूला विमान आणि चोर, मधे ‘विरुद्ध’, आणि पलीकडे पुण्याच्या शाळेत शिकणारा फुरसुंगीचा बनेश फेणे. त्याच्याकडे काय आहे? सायकल, वाऱ्यासारखे पळणारे पाय, संकटातून वाट काढणारं डोकं आणि तोंडातून निघणारा तो ‘ट्टॉक्’. विमान मात्र दुसऱ्याचं. मराठी मुलांच्या साहसकथेची सगळी आर्थिक परिस्थिती मला या एका मथळ्यात दिसते.

जुन्या साहसकथा आणि हेरकथा जमवायचं वेड मला आहे. रद्दीवाल्याच्या तराजूतून, बंद पडलेल्या भाड्याच्या वाचनालयांतून, कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेतून ही पुस्तकं येतात. हातात घेतली की आधी वास येतो, मग धूळ. कागद वर्तमानपत्राचा, पिवळा पडून काठाला तांबूस झालेला. पाठीत दोन तारेच्या टाचण्या, त्या गंजून आजूबाजूचा कागद खाल्लेला. मुखपृष्ठावर पिस्तूल, जवळच घाबरलेली बाई, मागे मोटार, आणि चित्रकाराला हुरूप आला असेल तर वरच्या कोपऱ्यात एक विमान. आत पहिल्या पानावर वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, आणि शेवटच्या पानावर बॉलपेननं लिहिलेलं एखाद्या आगाऊ वाचकाचं भाकीत: खुनी कोण ते आधीच सांगून टाकलेलं. या माणसाला शिक्षा व्हायला हवी होती.

या ढिगाऱ्यात इंग्रजी पुस्तकंही असतात, आणि त्यांच्या शेजारी मराठी ठेवली की फरक लगेच कळतो.

कॅप्टन डब्ल्यू. ई. जॉन्स हा पहिल्या महायुद्धातला वैमानिक. सप्टेंबर १९१८ मध्ये त्याचं विमान पाडलं गेलं, तो जर्मनांच्या कैदेत गेला, युद्ध संपल्यावर सुटला. १९३२ साली तो ‘पॉप्युलर फ्लाइंग’ नावाच्या मासिकाचा संपादक होता आणि त्यातच त्यानं बिगल्स जन्माला घातला. पुढे शंभराच्या आसपास पुस्तकं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लढायला शत्रू उरला नाही, तेव्हा जॉन्सनं बिगल्सला चक्क स्कॉटलंड यार्डात नोकरी लावून दिली, हवाई पोलीस म्हणून. म्हणजे वैमानिकाचा डिटेक्टिव्ह झाला, आणि विमान त्याच्याकडेच राहिलं.

अमेरिकेत हा मामला आणखी धंदेवाईक होता. एडवर्ड स्ट्रेटमायर नावाच्या गृहस्थानं मुलांच्या गोष्टींचा कारखानाच काढला होता. कथानकाचा आराखडा तो द्यायचा, लिहायला भाडोत्री लेखक, आणि मुखपृष्ठावर एक बनावट नाव. १९२७ च्या मे महिन्यात लिंडबर्गनं एकट्यानं अटलांटिक ओलांडला. त्याच वर्षी या कारखान्यातून टेड स्कॉट या तरुण वैमानिकाची मालिका बाहेर पडली. आणि त्याच वर्षी हार्डी बॉइज ही दोन भाऊ-डिटेक्टिव्हांची मालिकाही. दोन्हींवर लेखकाचं नाव एकच: फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन. असा माणूस कधी अस्तित्वातच नव्हता! वैमानिक आणि गुप्तहेर हे असे एकाच वर्षी, एकाच खोट्या बापाच्या पोटी जन्मलेले सख्खे भाऊ आहेत. दोघंही मुलाला एकच आमिष दाखवतात, घरात न विचारता बाहेर पडण्याचं. एक वरून बघतो, दुसरा दाराच्या फटीतून.

मराठीत या दोन भावांपैकी फटीतून बघणारा आधी आला आणि बराच काळ त्याचंच राज्य चाललं. तसं उडण्याचं स्वप्न आपल्याकडे जुनंच. ‘केरळ कोकिळ’ मासिकात १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचं भाषांतर येऊ लागलं होतं, म्हणजे राइट बंधूंच्या आधी मराठी वाचक चंद्राकडे निघाला होता. पण ते शास्त्रीय चमत्काराच्या खात्यात जमा. खपाचा बाजार रहस्याचा. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना मराठी धोतर-पगडी नेसवून आपल्या आजोबांच्या पिढीची झोप उडवली. मग बाबूराव अर्नाळकर आले. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांच्या हजारावर कथा या एका माणसानं लिहिल्या. त्यांच्या मागून गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर. अर्नाळकर अधिकृतपणे मुलांसाठी लिहीत नव्हते, पण वाचत होती मुलंच, भूगोलाच्या पुस्तकात लपवून.

खास मुलांसाठी हे सगळं आणलं ते भागवतांनी. जन्म १९१० चा, इंदूरचा. व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत इतक्या मोकळेपणानं आणल्या की ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ हे भाषांतर आहे हे अनेकांना मोठेपणी कळलं. बिपिन बुकलवार हा पुस्तकातला किडा आणि फास्टर फेणे हा पायाला भिंगरी लागलेला, असे दोन पोरगे त्यांनी मराठीला दिले. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमित राघवन फास्टर फेणे झाला. २०१७ मध्ये सिनेमा आला, त्यात अमेय वाघ फास्टर फेणे आणि दिलीप प्रभावळकर साक्षात भागवत. निर्माता रितेश देशमुख, म्हणजे घराणं लातूरकडचं, बाभळगावचं. आणि लातूर १९८२ पर्यंत आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. एवढा दूरचा संबंध का जोडतोय? कारण याहून जवळचा सापडत नाही. फास्टर फेणेच्या पुस्तकांच्या नावांवरून नकाशा काढला तर त्यात फुरसुंगी येते, प्रतापगड येतो, काश्मीर येतं, गुलमर्ग येतं. बालाघाटाचा डोंगर येत नाही.

याचं दुःख करायचं कारण एवढंच, की विमान, हेर आणि गुन्हा या तिन्ही गोष्टींचा खराखुरा माल या जिल्ह्यातून गेलेला आहे. धारावाहिकाला पुरेल इतका.

*

सुरुवात गुन्ह्यापासून करू. एडगर ॲलन पोची पहिली डिटेक्टिव्ह कथा १८४१ ची, असं सगळीकडे छापलेलं असतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १८३९ मध्ये, लंडनला एक कादंबरी निघाली: ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. अमीर अली नावाचा ठग साहेबापुढे बसून आपण माणसं कशी फासानं मारली ते थंडपणे सांगतोय, अशी तिची मांडणी. व्हिक्टोरिया राणीनं तिचे फॉर्म छापखान्यातून येतील तसे मागवून वाचले, असं सांगतात. लेखक फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. खुनी कोण हे पहिल्याच पानावर ठाऊक असताना वाचक शेवटपर्यंत खिळून राहतो, ही करामत त्यानं डिटेक्टिव्ह कथेच्याही आधी करून दाखवली.

हाच टेलर १८५३ मध्ये नळदुर्गाला आला. निजामानं कर्जापोटी काही मुलूख इंग्रजांकडे लावून दिला होता, त्यात आमचा भाग होता. १८६० मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. त्या मधल्या काळात चार वर्षं टेलर इथला कारभारी होता. नळदुर्गच्या किल्ल्यात राहिला, तुळजापूरच्या यात्रा पाहिल्या, आणि पुढे ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली, तिचं कथानक तुळजापुरातच सुरू होतं. इंग्रजीतल्या पहिल्या गाजलेल्या भारतीय गुन्हेकथेचा कर्ता आमच्या नळदुर्गाला फायली तपासत बसला होता, हे इथल्या शाळेत कुणी सांगत नाही. ठगांची देवी भवानी आणि टेलरची कचेरी तुळजाभवानीपासून घोड्यावर काही तासांच्या अंतरावर. एखादा लेखक एवढ्यावरच बसता उठता कादंबरी लिहील.

आता विमानाकडे येऊ. पण त्यासाठी आधी आगगाडीत बसावं लागेल.

बार्शी लाईट. कुर्डुवाडीहून निघून बार्शी, येडशी, ढोकी असं करत लातूरला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी. जुन्या माणसांच्या बोलण्यात ती अजून चालू आहे. तिच्याविषयीचे विनोद सगळ्यांना पाठ: चालत्या गाडीतून उतरून बोरं वेचून पुन्हा चढता येत असे, वगैरे. जिल्ह्याच्या मुख्य गावाला मात्र ती शिवत नव्हती. उस्मानाबादच्या माणसानं रेल्वे गाठायची तर येडशीला जायचं. रूळ रुंद झाले आणि मार्ग वळवून शहरापाशी आणला, तो या शतकात, २००८ च्या सुमाराला.

ही रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. जन्म १८५७ चा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरी करताना त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं की छोट्या रुळांवरही नीट आखणी केली तर भरपूर माल आणि माणसं नेता येतात. सगळं गणित त्यानं एका आकड्यावर बसवलं: कुठल्याही आसावर पाच टनांच्या वर भार पडता कामा नये. इंजिन असो, डबा असो, नियम एकच. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च आवाक्यात राहतो. १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोचली. पुढे ही रेल्वे जगभरच्या छोट्या रुळांच्या इंजिनिअरांना नमुना म्हणून दाखवली जाऊ लागली. बोरं वेचण्याच्या विनोदात हे निसटून जातं.

कॅलथ्रॉपचा एक मित्र होता, चार्ल्स रोल्स. रोल्स-रॉइसमधला रोल्स. जुलै १९१० मध्ये बोर्नमथला विमानाच्या कसरती चालू असताना त्याचं विमान मोडून पडलं आणि तो जागीच गेला. या मृत्यूनं कॅलथ्रॉपच्या डोक्याला नवी भिंगरी लावली: विमान मोडलं तरी माणूस वाचला पाहिजे. रुळांवरचा भार मोजणारा माणूस आता हवेतून पडणाऱ्या माणसाचा भार मोजायला लागला. त्यातून त्याची हवाई छत्री तयार झाली. नाव त्यानं ठेवलं ‘गार्डियन एंजल’.

तिची रचना आजच्या छत्रीसारखी पाठीवरच्या पिशवीत नव्हती. रेशमाचं कापड शिस्तीत घडी घालून एका डब्यात बसवायचं आणि डबा विमानाच्या पोटाशी लटकवायचा. उडी मारणाऱ्याच्या अंगावर फक्त पट्टे, आणि पट्ट्यांपासून डब्यापर्यंत दोर. माणूस खाली गेला की त्याच्याच वजनानं कापड डब्यातून ओढलं जायचं आणि उघडायचं. दोरी ओढायची आठवण ठेवायला नको, हातपाय थरथरत असले तरी चालेल. जानेवारी १९१७ मध्ये कॅप्टन क्लाइव्ह कॉलेटनं इंग्लंडच्या किनाऱ्यावर ऑर्फर्डनेसला तिच्यानं उडी मारून दाखवली. जेमतेम सहाशे फुटांवरून.

आणि तरीही त्या महायुद्धात इंग्रज लढाऊ वैमानिकांना ही छत्री मिळाली नाही. जड आहे, अवजड आहे, ही कारणं दिली गेली. त्यामागे आणखी एक धास्ती होती. हाताशी छत्री असली की वैमानिक विमान वाचवायचं सोडून उडी मारतील! जर्मनांनी १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना छत्र्या दिल्या. इंग्रजांनी दिल्या त्या फुग्यांत बसून टेहळणी करणाऱ्यांना. बिगल्सचा बाप जॉन्स सप्टेंबर १९१८ मध्ये पडला तेव्हा त्याच्याकडेही छत्री नव्हती. नशीब म्हणून वाचला, आणि मराठवाड्यातली रेल्वे बांधणाऱ्या माणसाचा शोध वेळेवर वापरला असता तर अशी किती माणसं वाचली असती हा हिशेब कॅलथ्रॉपनं मरेपर्यंत मनात ठेवला असणार.

मग ती छत्री मिळाली कुणाला? हेरांना. ही गोष्ट इतकी पुस्तकी आहे की खोटी वाटते. ऑगस्ट १९१८, इटलीची आघाडी. अलेस्सांद्रो तांदुरा हा इटालियन लेफ्टनंट, त्याचं घर शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात. त्याला रात्री ऑस्ट्रियन फौजेच्या पाठीमागे उतरवायचं होतं. विमान चालवायला कॅनडाचा विल्यम बार्कर, सोबत विल्यम वेजवुड बेन. अंधारात विमानातून आपणहून उडी मारायला कितीही धीट माणूस कचरणार, म्हणून त्यांनी तांदुराची बैठकच एका झडपेवर केली. नेमक्या जागी पोचल्यावर बेननं कळ ओढली आणि तांदुरा खाली. विमानातून छत्रीनं हेर उतरवण्याच्या अगदी पहिल्या कामगिऱ्यांपैकी ही एक. छत्री कॅलथ्रॉपची. ती झडपेची कळ ओढणारा वेजवुड बेन १९२९ मध्ये भारतमंत्री झाला. मिठाचा सत्याग्रह चालू होता तेव्हा लंडनमध्ये हिंदुस्थानची फाईल याच्या टेबलावर होती.

कॅलथ्रॉप मार्च १९२७ मध्ये वारला. तेच वर्ष, फ्रँकलिन डिक्सनच्या दोन्ही पोरांच्या जन्माचं. येडशीच्या स्टेशनावर त्याचं नाव सांगणारी एक पाटी लावायला काय हरकत आहे? घोड्यांवर त्यानं एक पुस्तकही लिहिलं होतं, अरबी घोडे पाळायचा त्याला नाद होता. पण ते सांगत बसलो तर आपली गाडी इथंच थांबेल.

*

तिसरा माणूस सिडनी कॉटन. ऑस्ट्रेलियन. १९१७ मध्ये इंग्रजांच्या नौदलाच्या हवाई दलात होता. उघड्या विमानात गारठून बाकीचे वैमानिक कुडकुडत परत यायचे, आणि याला मात्र तेवढी थंडी वाजत नव्हती. कारण त्याच्या अंगावरचा कामाचा डगला तेलानं आणि ग्रीसनं चिकट झाला होता आणि वारा आत शिरत नव्हता. त्यावरून त्यानं वैमानिकांसाठी अंगभर पोशाख बनवला. त्याच्याच नावावरून तो ‘सिडकॉट’ झाला आणि वैमानिक तो पुढची कित्येक वर्षं घालत राहिले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होण्याआधी हाच कॉटन व्यापारी म्हणून आपल्या खासगी विमानानं जर्मनीत ये-जा करत होता, आणि विमानाच्या पोटात लपवलेल्या कॅमेऱ्यांनी फोटो काढत होता. जेम्स बाँड ज्या माणसांवरून सुचला असावा असं म्हणतात, त्यांत त्याचं नाव घेतात.

१९४८ मध्ये हा माणूस निजामाच्या कामावर होता. हैदराबाद संस्थानानं भारतात सामील व्हायला नकार दिला होता, भारतानं नाकेबंदी केली होती, आणि संस्थानाला शस्त्रं हवी होती. कॉटननं लँकॅस्ट्रियन विमानं आणली. म्हणजे महायुद्धातल्या लँकॅस्टर बॉम्बरचाच प्रवासी अवतार, चार इंजिनांचा. कराचीहून रात्री निघायचं, भारताच्या हद्दीवरून उडत यायचं आणि संस्थानात बिदर-वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रं उतरवायची. नकाशावर कराची ते बिदर सरळ रेघ ओढून पाहा. ती अंबाजोगाई आणि लातूरच्या मधून जाते, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यावरून. प्रत्यक्षात वैमानिक असा फूटपट्टीनं उडत नाही, हे मान्य. तरी खाली कडब्याच्या गंजीवर झोपलेल्या पोराला वरून जाणाऱ्या चार इंजिनांच्या घरघरीचा अर्थ कोण सांगणार होतं?

इथं बिगल्स चोराच्या विमानात बसलेला आहे. सिडकॉट सूट शिवणारा, युद्धात पराक्रम केलेला, सगळ्या गुणांचा नायक, आणि आपल्या बाजूनं पाहिलं तर तस्कर. एकाच माणसाची गोष्ट लंडनला धाडसाची होते आणि नळदुर्गाला विमानचोराची. भागवतांनी ‘विरुद्ध’ हा शब्द उगाच लिहिला नव्हता.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून निघाली. पहिली झटापट नळदुर्गाला. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागणं महत्त्वाचं होतं, कारण तो उडवला असता तर रणगाडे अलीकडेच अडले असते. पूल शाबूत मिळाला. सकाळी फौज जळकोटला, दुपारी उमरग्याला. दुसरी तुकडी पहाटे तुळजापुरात पोचली आणि दोन तास लढाई झाली. लोहाऱ्याकडे जाणारी वाट मात्र पावसानं अडवली. नदी फुगली होती. सप्टेंबरात आमच्याकडे हे व्हायचंच. दुसऱ्या दिवशी उस्मानाबादच्या गल्ल्यांत निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांशी झुंज देऊन गाव घेतलं गेलं, आणि उमरग्याच्या पुढच्या रस्त्यावर दबा धरून बसलेल्यांवर टेम्पेस्ट विमानांनी मारा करून वाट मोकळी केली. १७ सप्टेंबरला सगळं संपलं.

विमानं, पूल, नदी, हेर, परदेशी तस्कर, पाच दिवस. वीस प्रकरणांचा मालमसाला तयार आहे.

*

पण तेव्हा इथली मुलं वाचत काय होती? मराठी साहसकथा तर नव्हेच, फारशी. निजामी राजवटीत शिक्षण उर्दूतून. मराठी शाळा काढायची हेच साहस होतं. १९२१ मध्ये लोहाऱ्याजवळच्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली ती असंच एक धाडस. स्वामी रामानंद तीर्थ तिथंच शिकवत होते आणि संन्यासही त्यांनी तिथंच घेतला. या शाळेत भूगोलाच्या पुस्तकाआड झुंजार लपवायची कुणाची टाप होती!

उर्दूत मात्र खजिना होता, आणि मराठीवाल्यांनी त्याची दखल घेतली नाही असं माझं मत आहे. मुन्शी तीरथराम फिरोजपुरींनी इंग्रजीतल्या हेरकथांचे ढीगच्या ढीग उर्दूत ओतले होते, दातारांच्या रेनॉल्ड्ससकट. १९५२ मध्ये अलाहाबादहून इब्ने सफीची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली आणि उर्दूत शिकलेल्या पिढीनं कर्नल फरीदी आणि हमीदला घरचं मानलं. मराठवाड्यातल्या अनेक घरांत एक पिढी इब्ने सफीवर आणि पुढची अर्नाळकरांवर वाढली, एकाच ओट्यावर, एकाच कंदिलाखाली. बाप उजवीकडून पानं उलटतोय आणि पोरगा डावीकडून. दोघांचे गुन्हेगार लंडन-पॅरिसमार्गेच आलेले.

मराठी रहस्यकथा जिल्ह्यात खऱ्या अर्थानं पोचली ती एस्टीनं. स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली पॉकेटबुकं, ‘प्रवासात वाचा’ या गुणाची. सोलापूरला जाताना घेतलेलं पुस्तक तुळजापूरच्या घाटात अर्धं व्हायचं. मग भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं आली, वाण्याच्या दुकानाच्या एका फळीवर किंवा सायकलच्या दुकानामागे. चार आणे रोज, आणि अनामत म्हणून जुनं पुस्तक. मुलांची पुस्तकं या फळीवर कमी, कारण ती जाड असायची, महाग असायची आणि पुण्या-मुंबईच्या घरांत वाढदिवसाला भेट म्हणून दिली जायची. आमच्याकडे वाढदिवसाला औक्षण होतं, पुस्तक नव्हतं. म्हणून फास्टर फेणे इथं बहुतेकांना टीव्हीवर आधी भेटला आणि पुस्तकात नंतर. २०२० च्या जानेवारीत इथं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. फादर दिब्रिटो अध्यक्ष होते. तेव्हाच्या ग्रंथप्रदर्शनात मुलांच्या स्टॉलसमोर जी झुंबड होती ती पाहून कळलं, की भूक कधी कमी नव्हतीच.

आता फास्टर फेणेचे सगळे भाग नव्या आवृत्त्यांत मिळतात, सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह फेलूदाही मराठीत आहे. तो कोलकात्याहून जैसलमेरला जातो, काठमांडूला जातो, आणि वाचणाऱ्या पोराला त्या गावांचा नकाशा पाठ होतो. राय यांनी हे सहज केलं नव्हतं. अनेक गोष्टींसाठी त्यांनी एखादं गाव निवडलं आणि त्याचा इतिहास कथेत गुंडाळून दिला.

आमच्याकडे अशी गावं कमी का आहेत? नळदुर्गचा पाणीमहाल घ्या. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटात महाल काढला. पावसाळ्यात नदी डोक्यावरून कोसळते, नर आणि मादी असे दोन धबधबे सुटतात, आणि आत झरोक्याशी उभा असलेला माणूस कोरडा. बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही की पाण्याच्या पडद्यामागे कुणी आहे. लपायला यापेक्षा चांगली जागा कोणत्या लेखकाला हवी? परंड्याच्या किल्ल्यातून १६३२ मध्ये मुलुख मैदान ही अजस्र तोफ विजापूरला नेली गेली. एवढं धूड नेलं कसं, हाच एका पोरानं सोडवायचा प्रश्न. आणि तेर! तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीची जुळी वाटावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेतून निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी ती तिकडे नेली कुणी? तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू आहेत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांढरीत, नदीकाठी सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर वेचून ठेवल्या नसत्या तर हा पुरावाच उरला नसता. खरा डिटेक्टिव्ह म्हणतात तो हाच. हातात भिंग नव्हतं, डोक्यावर टोपी होती.

जाता जाता एका विमानाचं सांगितलंच पाहिजे, कारण या विषयावर बोलायला लागलं की कुणीतरी ते काढतोच. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, ही मराठी मुलांनी सर्वाधिक ऐकलेली विमानकथा असावी. त्या उड्डाणाचा त्या काळचा ठोस पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या ग्रंथाचा हवाला दिला जातो त्यातली यंत्रं उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये काढला. गोष्ट म्हणून ती मुलांना जरूर सांगावी. पण मग सांगायची तर कॅलथ्रॉपचीही सांगावी. ती खरी आहे आणि तिचे रूळ येडशीला होते.

धारावाहिक लिहायला कुणी बसणार असेल तर साहित्य इथं मांडून ठेवलंय. पाणीमहालात पावसापासून आडोशाला गेलेली दोन पोरं, बोरीचा पूल, रात्री वरून जाणारी विमानं, येडशीला येणाऱ्या मालडब्यांत कुणी न मोजलेली एक पेटी. खलनायक गोरा आणि रुबाबदार ठेवता येईल, त्याच्या अंगावर सिडकॉट सूट चढवता येईल. विमान त्याच्याकडेच राहू द्यावं. पोरांकडे सायकल पुरेल.

अडचण शेवटाची आहे. साहसकथा १७ सप्टेंबरला संपते: झेंडा चढतो, पेढे वाटतात, पुस्तक मिटतं. या जिल्ह्यात त्यानंतरचे आठवडे आहेत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं फौज शिरल्यानंतर संस्थानात झालेल्या कत्तलींचा अहवाल सरकारला दिला. मेलेल्यांचा अंदाज तिनं सत्तावीस ते चाळीस हजार असा केला, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं नाव घातलं. मेलेले बहुतांश मुसलमान. त्याआधी रझाकारांनी जाळलेली गावंही याच जिल्ह्यातली. तो अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये. ज्या ओट्यावर पुढे बाप इब्ने सफी वाचणार होता आणि पोरगा अर्नाळकर, त्या गल्लीतल्या काही घरांना त्या सप्टेंबरात कुलपं लागली. फास्टर फेणे तिथं पोचला असता तर त्यानं ‘ट्टॉक्’ कुणाच्या बाजूनं केलं असतं? मुलांसाठी लिहिणाऱ्यानं हा प्रश्न टाळून पुस्तक लिहिलं तर ते खपेल. न टाळता लिहिलं तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ते झेपतं, असा माझा अंदाज आहे. झेपणार नाही ते त्याच्यासाठी पुस्तक विकत घेणाऱ्या मोठ्यांना.